क्लचवरचा ठोकळा

हॅमट्रॅमक, मिशिगन
६ मार्च २०१६

थॅड,

आधी बस. बसलास? मग वाच.

बाबांची गाडी गुलाबी आहे.

पुन्हा लिहिते, म्हणजे माझ्या अक्षराला नावं ठेवून तुला सुटता येणार नाही. काझिमिर पावलिक यांची १९७० सालची चॅलेंजर, अख्खं गाव जिला 'काझची काळी' म्हणतं, वुडवर्ड रस्त्यावर जिला कुणी मागे टाकलं नाही असं बारमधले म्हातारे आजही छातीवर हात ठेवून सांगतात, ती गुलाबी आहे. फिकट वगैरे नाही. लहान मुलींच्या वाढदिवसाच्या केकवर असतो तसला.

काळा रंग उतरवत होते. खालून हे निघालं. मला वाटलं, मधे कधीतरी कुणीतरी चावटपणा केला असेल. म्हणून जिथं नंतरच्या रंगाऱ्याचा हातच पोचणार नाही तिथं पाहिलं. पेट्रोलच्या टाकीच्या पट्ट्याखाली. डॅशबोर्डच्या आत. मागच्या सीटच्या पाठीमागे. सगळीकडे गुलाबी! म्हणजे ती कारखान्यातूनच तशी उतरली. इंजिनाशेजारी रंगाचा नंबर ठोकलेली पत्र्याची पट्टी असते, ती तर नाहीच. स्क्रूची दोन भोकं तेवढी आहेत. कुणीतरी मुद्दाम काढली.

सकाळी न्याहारीला आईला विचारलं, "आई, गाडीचा आधीचा रंग कुठला होता गं?"

"काळा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी पत्रा होता," म्हणाली आणि कपबशा विसळायला उठली.

तुला माहितीये मी हे कशासाठी करतेय. बाबा गेले त्याला दोन वर्षं होतील. त्यांची उमेदीची सगळी वर्षं इथल्या कारखान्यात गेली आणि ही गाडी त्याच लाइनवरून उतरली. ती उतरली त्या दिवशी जशी होती तश्शी मला ती उभी करायचीय. नळीवरच्या चिमट्यापासून टायरच्या अक्षरांपर्यंत सगळं त्या सालातलं. पत्र्याच्या सांध्यांत ती माणसं घाईघाईत बोटानं लुकण फासायची, ते तसं ओबडधोबड फासायला मी दोन महिने शिकतेय. हात वळतो तो नीटच वळतो. स्टिअरिंगच्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका आहे, तो तर बाबांच्याच बोटाचा. बोल्ट घट्ट आहे का बघायचं आणि पिवळं बोट टेकवायचं, हेच त्यांचं काम होतं. नोव्हेंबरात शिकागोजवळ मोठं प्रदर्शन आहे. तिथं गाडीपुढच्या कार्डावर लिहायचंय: 'पहिला आणि एकच मालक, काझिमिर पावलिक.'

आणि आता पंच म्हणणार, कारखान्याबरहुकूम हवी असेल तर गुलाबी रंगवा. बाबांना गुलाबी गाडीशेजारी उभं करू मी? तू शिकलेला आहेस. काहीतरी सांग.

लोरेन

---

आयोवा
१३ मार्च २०१६

प्रिय लोरेन,

तुझ्या सूचनेप्रमाणे बसलोच होतो. वाचून उठलो, आणि पुन्हा बसावं लागलं.

तीस वर्षं मी पोरांना संस्कृत शिकवतो. त्यातलं निम्मं ते परीक्षेआधी विसरतात आणि उरलेलं परीक्षेत. पण एक गोष्ट मी त्यांच्या डोक्यात ठोकून बसवतो. जुनी पोथी हातात आली की नंतरच्या शहाण्यांनी घुसडलेलं सगळं 'प्रक्षिप्त' म्हणून बाजूला काढायचं, आणि मूळ संहिता कितीही चमत्कारिक निघाली तरी तिच्यापुढे मान तुकवायची. काळा रंग प्रक्षिप्त आहे, बाई. गुलाबी हीच संहिता. तुकव मान.

आता माझ्यातला भाचा बोलतो. त्याला धक्का बसलाय. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा ती गाडी माझ्या लेखी ऐरावतापेक्षा मोठी होती, आणि ऐरावत गुलाबी असल्याचं कुणी मला कधी सांगितलेलं नाही. बारमधली माणसं काझ काकाच्या पाठीवर थापा मारायची आणि तो ग्लासात बघत एवढंच म्हणायचा, "गाडी चांगली आहे." अहंकाराचा लवलेश नाही! एकदा त्यानं मला फिरवायला नेलं. कोपऱ्यापर्यंत जाईतो गाडी तीनदा बंद पडली आणि पुढे बैलगाडीच्या चालीनं गेली. मला वाटलं, सिंहाला पिंजऱ्यात कोंडलं की तो असाच चालत असणार.

ओबडधोबड काम शिकायला तुला दोन महिने लागले म्हणतेस. माझ्याकडे पाठव. इथले विद्यार्थी ते जन्मतःच शिकून येतात.

मावशीला नमस्कार. तिला म्हणावं, उपासाच्या शुक्रवारी करतेस त्या पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, आयोवात कुणाला येत नाहीत.

तुझा,
थॅड

---

हॅमट्रॅमक
१० एप्रिल

थॅड,

तुझा सल्ला मानला. जे जे कारखान्याचं नाही ते ते काढलं. प्रक्षिप्त म्हणतोस ना तू, ते. आणि काढता काढता जे निघालं ते ऐक.

चालवणाऱ्याची सीट उचलली. खाली कारखान्याची चार भोकं. आणि त्यांच्या पुढे, चार बोटांवर, हातानं पाडलेली आणखी चार. बोल्ट त्या पुढच्या भोकांत होते. कुणीतरी सीट पुढे ओढून बसवली होती. मग क्लचच्या पॅडलवर बघते तो एक लाकडी ठोकळा, स्क्रूनं पक्का केलेला. बाबा कधीमधी गाडी बाहेर काढायचे तेव्हा गुडघे हनुवटीला लागायचे त्यांचे. मी म्हणायची सीट मागे घ्या, तर म्हणायचे, "असू दे." ठोकळ्याच्या कडा घासून गोल केलेल्या, वर सायकलच्या टायरचा तुकडा, पितळी खिळ्यांनी ठोकलेला. फार निगुतीनं केलेलं काम होतं ते.

ठोकळा भंगाराच्या पिंपात टाकला. भोकं वेल्डिंगनं बुजवली आणि घासली. आता देवालाही सापडायची नाहीत.

बाकी किरकोळ. शेजारच्या सीटसमोर, उजवीकडे, गालिचा आरपार झिजलाय आणि खालच्या पत्र्याला मोठ्या बुटाच्या टाचेएवढा खळगा पडलाय. नवा गालिचा मागवलाय, खळगा ठोकून सपाट करायचा राहिलाय. उजव्या दाराच्या हातटेकूवर बोटांचे चार खड्डे आहेत, कुणी रागानं आवळून धरावं तसे. तोही बदलेन.

थॅड, बाबा सहा फूट दोन इंच होते. आईनं उभ्या आयुष्यात गाडी चालवलेली नाही. तिला बस आवडते. बाजारातून पिशव्यांचं ओझं घेऊन पावसात बसच्या थांब्यावर उभी राहील पण कुणाला 'सोड' म्हणणार नाही. गॅरेजात तर पाऊल टाकत नाही, तेलाचा वास सोसत नाही म्हणते.

मग ती सीट कुणासाठी होती?

मी काही विचारत नाहीये. नुसतं लिहितेय.

लोरेन

---

आयोवा
१७ एप्रिल

प्रिय लोरेन,

तू विचारलं नाहीस, त्यामुळे मला उत्तर देणं भाग नाही. तरीही देतो, प्राध्यापकांची ती खोडच आहे.

पुरावे तीन. रंग, सीट आणि ठोकळा. तिन्हींचा अन्वय एकच लागतो. ती गाडी एका ठेंगण्या बाईच्या हौसेनं घेतलेली होती, आणि ती बाई माझी मावशी नव्हे. पुढे प्रकरण मिटलं किंवा मिटवलं गेलं, आणि काझ काकानं त्यावर काळा रंग फासला. शब्दशः. पत्र्याची पट्टीही म्हणूनच काढली.

जो काका दर रविवारी चर्चच्या दुसऱ्या बाकावर बसायचा आणि गाणं म्हणताना नुसतेच ओठ हलवायचा, त्याच्याबद्दल लिहितोय मी हे! पण माणूस फार गप्प असला की आपण त्याला साधू समजतो. गप्प राहायला इतरही कारणं असतात.

मावशीला यातलं अक्षर कळता कामा नये. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे ज्ञान कुणाच्याही मोक्षाला उपयोगाचं नाही. हे पत्र वाचून झालं की जाळ.

तुझा,
थॅड

---

हॅमट्रॅमक
८ मे

थॅड,

आज मदर्स डे. आईला फुलं दिली आणि तिच्याकडे बघता आलं नाही. ती म्हणाली, "तोंड का असं? फुलं उधार आणलीस का?"

मी बारमध्ये जाऊन वॉल्टरला विचारलं. बाबांच्या शेजारी लाइनवर उभा राहायचा तो म्हातारा. म्हटलं, "वॉल्टर, वुडवर्डवर बाबांच्या गाडीत आणखी कोण असायचं?" तो हसला. म्हणाला, "असायचं खरं कुणीतरी. दोघं असायचे. दुसरं बुटकं, टोपी पार नाकापर्यंत ओढलेली. काझला विचारलं तर म्हणायचा, गाडी चांगली आहे."

टोपी! तोंड लपवायला टोपी घालून बाई बसत होती, थॅड, आणि आई घरी पिरोगी वळत होती. मी पोटात असेन तेव्हा, किंवा त्याच्या थोडं आधी.

मी सातवी-आठवीत असल्यापासून बाबांच्या हाताखाली पाने धरलेत. बोल्ट किती आवळायचा हे मला त्यांनी कानानं ऐकायला शिकवलं. त्या माणसाला मी ओळखत होते का? दोन वर्षं मी त्या गाडीखाली पडून कुणासाठी कंबर मोडून घेतली?

मी काम थांबवलंय. प्रदर्शनातून नाव काढायचं पत्र तयार आहे. ॲरिझोनाचा एक माणूस असल्या गाड्या अर्धवट अवस्थेत विकत घेतो. महिनाअखेर येतोय. त्याला दाखवायला सीट तेवढी परत ठेवलीय, मागे, कारखान्याच्या भोकांत. तो गुलाबी रंगवो नाहीतर पेटवून देवो.

तुझं पत्र जाळलं नाही. कपाटात आहे. जाळण्यासारखं माझ्याकडे आणखी बरंच काही आहे, रांगेत ठेवलंय.

लोरेन

---

आयोवा
१५ मे

लोरेन,

विकू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

मी तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली, तेही सावकाश, विद्यार्थ्यांना सांगतो पण स्वतः करत नाही तसं. एप्रिलच्या पत्रात तू 'किरकोळ' म्हणून एक ओळ लिहिलीस आणि मीही ती किरकोळ म्हणून ओलांडली. उजवीकडचा, शेजारच्या सीटसमोरचा गालिचा झिजलाय. खालच्या पत्र्याला टाचेचा खळगा आहे. मोठ्या बुटाचा.

उजवीकडे ब्रेक नसतो, लोरेन. मग तिथं पाय रोवून कोण काय दाबत होतं?

काझ काका शेजारी बसत होता. ती बाई त्याच्या शेजारी बसत नव्हती. तो तिच्या शेजारी बसत होता. वुडवर्डवर कुणाकडूनही न हरलेली गाडी ती बाई चालवत होती. मला फिरवायला नेताना काकाची गाडी तीनदा का बंद पडली, तेही आता कळतं. सिंह वगैरे काही नव्हतं. त्याला क्लच जमत नव्हता.

इथवर आलो तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. मग चहा केला, आणि तो कपातच राहिला.

पाच फुटांची बाई. अंगावर काटा येईल अशी गाडी हाकणारी. काझ काकाच्या रोजच्या ओळखीतली. अशी मला एकच माहीत आहे. लहानपणी बीटच्या शेतात ट्रक चालवायला शिकलेली, पोलिसांना नावानं हाक मारणारी आणि वळणावर कधीही वेग कमी न करणारी. हेलन. तुझी मावशी. माझी आई.

मला विनोद सुचत नाहीये. आई जाऊन नऊ वर्षं झाली, कुणाला विचारू? मावशीला तर नाहीच. तिची सख्खी बहीण आणि तिचा नवरा! मी परवा वर्गात एका साध्या धातुरूपाशी अडखळलो आणि पोरं एकमेकांकडे बघू लागली.

गाडी विकू नकोस, एवढंच. गाडी गेली की विचारायलाही काही उरणार नाही.

थॅड

---

हॅमट्रॅमक
२९ मे

थॅड,

काल सकाळी ॲरिझोनावाल्याची वाट बघत मी गॅरेजात बसले होते. दार उघडलं. आई! गॅरेजच्या दारात, ॲप्रन लावलेली, नाकावर चष्मा, हातात तुझी पत्रं. सगळी.

"थॅडचं अक्षर सुधारलंय," म्हणाली. "अक्कल तेवढी राहिली."

मी म्हटलं, "आई, तू माझं कपाट..."

"कपाट माझं आहे. तू भाड्यानं राहतेस, तेही भाडं न देता." मग शेवटचं पत्र तिनं माझ्यापुढे नाचवलं. "हेलन? *हेलन?* अगं, हेलनला गाडी मागे घेता यायची नाही! आयुष्यभर अख्ख्या वस्तीला वळसा घालून घरी यायची ती. आणि ही म्हणे वुडवर्डवर!"

पत्रं तिनं माझ्या मांडीवर टाकली. गाडीला वळसा घातला. त्या नुसत्या पत्र्याच्या सांगाड्याकडे तिनं फारसं बघितलंही नाही, रोज बघत असल्यासारखी. दार उघडून चालवणाऱ्याच्या सीटवर बसली. हात मांडीवर, एकात एक. चाकाला बोटही लावलं नाही. मग डावा पाय उचलून पुढे नेला. पाय हवेतच राहिला, पॅडलपासून वीतभर अलीकडे. तिनं खाली वाकून बघितलं.

"लोरेन, माझा ठोकळा कुठंय?"

थॅड, मी जमिनीवर बसले. 

"कसला ठोकळा?" असं मी विचारलं म्हणे. मला आठवत नाही.

"क्लचचा. मेपलचा. काझनं केलेला. आणि ही सीट मागे कुणी नेली? इथून मला रस्ता कसा दिसणार? बॉनेटच दिसतंय सगळं."

"आई, तुला गाडी येत नाही."

"येत नाही नाही. चालवत नाही."

मग ती बोलत राहिली, तिथंच बसून, समोरच्या भिंतीकडे बघत. बीटचे ट्रक दोघी बहिणी चालवायच्या, पण हेलन खड्ड्यात घालायची आणि आई बाहेर काढायची. लग्नानंतर बाबा म्हणाले, लाइनवरून एक गाडी आपण घेऊ, रंग तू निवड, चालवणार तू आहेस. तिनं गुलाबी निवडला. पहिल्या रविवारी दोघं वुडवर्डवर गेले, सकाळी, चर्चमधल्या पहिल्या प्रार्थनेच्या, मिस्सेच्या आधी, रस्ता मोकळा असतो तेव्हा. पोरं हसली. गुलाबी गाडीतल्या बाईशी कोण शर्यत लावणार, म्हणाली. "काझचे कान लाल झाले. माझे नाही, त्याचे. आठवडाभरात त्यानं इथंच, या गॅरेजात, काळी रंगवली. पट्टी काढून मला दिली. माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, तू बटण शोधतेस तिथंच, खाली. आणि स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर घातली. मग सगळे लावायला लागले शर्यत. आणि हरायला लागले."

"आणि बाबा?"

"शेजारी. डोळे मिटून. तोंडानं प्रार्थना आणि पायानं ब्रेक."

"उजवीकडे ब्रेक नसतो, आई."

"हे त्याला कुणी सांगायचं?"

मी म्हटलं, पण बारमध्ये सगळे त्यांना डोक्यावर घ्यायचे, त्यांनी कधी सांगितलं नाही? आई माझ्याकडे वळली. "त्यानं कधी म्हटलं का गं, मी चालवत होतो? एकदा तरी?"

गाडी चांगली आहे. एवढंच म्हणायचे, थॅड. एवढंच.

मग मी विचारलं, मग सोडलंस कशासाठी. ती म्हणाली, नोव्हेंबरातला रविवार होता. रस्त्यावर ओली पानं. गाडी घसरली, पुरी गोल फिरली आणि बसच्या थांब्यावर बायकांची रांग उभी होती तिच्यासमोर येऊन थांबली. एका बाईचा कोट बंपरला टेकला होता. "कुणाला काही झालं नाही. पण चाक माझ्या पोटात रुतलं होतं, आणि पोटात तू होतीस. पोटातलं हलेना. मी तिथंच, चाक धरूनच, मेरीमातेला नवस बोलले. हे लेकरू धडधाकट जन्मू दे, मी पुन्हा म्हणून चाकाला हात लावणार नाही."

"म्हणून तुला बस आवडते?"

"बस कुणाला आवडते?" आई म्हणाली.

पंचेचाळीस वर्षं, थॅड. पावसात. पिशव्या घेऊन. माझ्यासाठी. आणि मी ती भोकं अशी बुजवली की देवालाही सापडू नयेत.

मग आम्ही दोघींनी भंगाराचं पिंप ओतलं. ठोकळा तळाशी होता. आईनं ॲप्रननं पुसला, वास घेतला आणि खिशात घातला. तेवढ्यात ॲरिझोनावाला आला. त्याच्याशी आईच बोलली. काय बोलली माहीत नाही, पण तो मला न भेटताच गेला.

लोरेन

---

आयोवा
५ जून

प्रिय लोरेन,

मी पत्र उभ्यानं वाचलं आणि भिंतीला टेकून संपवलं.

मावशीला सांग, मी तिच्या नवऱ्याची, माझ्या आईची आणि तर्कशास्त्राची माफी मागतो. पैकी तिसऱ्यानं मला आधीच क्षमा केली असावी. त्याला माझी सवय आहे.

प्रक्षिप्त म्हणून जे जे काढायला मी तुला सांगितलं, तेवढंच त्या गाडीत त्यांचं स्वतःचं होतं. भोकं पुन्हा पाड, लोरेन. पंच गुण कापतील. कापू देत.

आणि एक. तो नवस आता फिटला की नाही, हे मावशीनं तिच्या फादरला एकदा विचारून बघावं. मी तिकडचा अधिकारी नाही. पण मोठ्या व्रतांनाही उद्यापन असतं.

थॅड

---

हॅमट्रॅमक
२१ ऑगस्ट

थॅडियस,

लोरेन म्हणते, थॅडला ईमेल कर. मी म्हटलं, ज्यानं कागदावर लिहून माझ्या नवऱ्याला बाई चिकटवली त्याला कागदावरच उत्तर मिळेल.

काझला बाई होती. ती मी. झालं समाधान? तुझी आई बिचारी वर बसून हसत असेल. तिला तू पोलिसांच्या ओळखीची म्हटलंस ते मात्र खरं आहे, दर महिन्याला थांबवायचे तिला.

फादरकडे गेले होते. नवा आहे, तरुण, कान देऊन ऐकतो. म्हणाला, "नवस कशासाठी केलात?" म्हटलं, "लेकरू धडधाकट जन्मावं म्हणून." "जन्मलं?" "जन्मलं. पंचेचाळीस वर्षांचं आहे, सकाळसंध्याकाळ माझ्याशी भांडतं." तो म्हणाला, मग देवानं त्याची बाजू पाळली, तुम्ही तुमची भरपूर पाळलीत. मी म्हटलं, तसं नको, मी 'पुन्हा म्हणून' असं बोलले होते, फुकट सुटायचं नाही मला. त्यानं विचार केला आणि नवस बदलून दिला. चाकाला हात लावायचा, पण दर रविवारी आमच्या चर्चच्या ज्या म्हाताऱ्या चालत येऊ शकत नाहीत त्यांना मिस्सेला आणायचं आणि घरी सोडायचं. हसतोस काय? तीन मावतात. मागे दोघी, पुढे एक. त्यातली आयरीन म्हणते, देवाची आठवण तिला चर्चपेक्षा गाडीत जास्त येते.

त्याआधी लायसन्स काढावं लागलं. परीक्षा घ्यायला एक पोरगी शेजारी बसली, लोरेनच्या साध्या गाडीत. पहिल्या सिग्नलला मी कशी निघाले ते बघून तिनं विचारलं, "आजी, याआधी गाडी चालवली होतीत का?" मी म्हटलं, "थोडीशी."

गाडी गुलाबी झालीय. लोरेननं रंगवली. सांध्यांत बोटानं फासलेलं ते कसलंसं लुकण इतकं घाणेरडं फासलंय की काझ खूश झाला असता. भोकं तिनं पुन्हा पाडली. पाडताना रडत होती, मी म्हटलं, ड्रिल वाकडं जाईल. ठोकळा जागेवर आहे, सायकलचं टायर तेच. स्टिअरिंगच्या बोल्टवरचा काझचा पिवळा ठिपका तिनं रंगवताना झाकून ठेवला, पुसला नाही. ते बोट त्यानं माझ्यासाठी टेकवलं होतं. गाडी लाइनवरून येताना त्याला माहीत होतं ती कुणाची आहे. तो बोल्ट त्यानं त्या दिवशी तीनदा तपासला, घरी येऊन मला सांगितलं होतं. नोव्हेंबरात कार्डावर माझं नाव लिहिणार आहे ती. पंच बुटक्या बाईच्या सीटचे गुण कापतील म्हणे. मी म्हटलं, बुटकी बाई शेजारी उभी असेल, तिच्यासमोर कापा म्हणावं.

काल वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जत्रा होती. गेलो दोघी. गर्दी इतकी की माणूस चालत पुढे जाईल. पण एका सिग्नलला समोरचा रस्ता मोकळा झाला. शेजारी एक टकल्या, माझ्याच वयाचा, निळ्या गाडीत. माझ्याकडे बघून हसला. तसाच हसला, सत्तर साली हसले होते तसा. लोरेन म्हणाली, "आई, नको."

मी काही केलं नाही. नवसाची बाई आहे मी आता, आणि मागच्या सीटवर आयरीनची रविवारची टोपी होती. फक्त हिरवा दिवा लागल्यावर निघाले. पुढच्या सिग्नलला तो आला तेव्हा हसत नव्हता. काच खाली करून म्हणाला, "बाई, तुमची गाडी चांगली आहे."

चव्वेचाळीस वर्षं ते वाक्य मी काझच्या तोंडून ऐकलं. काल पहिल्यांदा ते मला कुणी म्हटलं. मी जरा बाजूला घेऊन थांबले. लोरेन घाबरली, म्हणाली, बरं वाटत नाही का? म्हटलं, क्लच जड आहे.

तू सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीत ये. विमानानं डेट्रॉइटला उतर, घ्यायला मी येईन. पिरोगी केलेल्या असतील. तुझी उंची काझएवढी आहे, शेजारची सीट मागे घेऊन ठेवते. गालिचा नवा आहे, पण खालचा पत्रा मी लोरेनला ठोकू दिला नाही. पाय पुढे केलास की टाचेला खळगा लागेल. तिथं पाय ठेव. ब्रेक नाहीये.

तरी दाब. त्याचा उपयोग व्हायचा.

तुझी मावशी,
बर्निस